पितळेचा जोड



मागच्या महिन्यात अभ्यासवर्ग संपल्यावर आपल्यातल्याच एकानं मला सगळ्यांदेखत विचारलं, "कविता करतोस ते ठीक. पण हे सायकलचं खूळ कुठनं काढलंस? रेसची सायकल म्हणजे पोट भरलेल्यांचा शौक. वस्तीतली पोरं बेकार हिंडतायत, आणि तू आठ महिने लोखंडाच्या नळ्या घाशीत बसलास?"

तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. मी बोलण्यात कच्चा आहे. म्हणून लिहितोय. पटलं तर घ्या, नाही पटलं तर पुढच्या वर्गात पुन्हा विचारा.

आधी सायकलची गोष्ट सांगतो. माझी नव्हे, आण्णांची.

आण्णांनी सायकल घेतली १९९१ साली. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचं वर्ष. सायकल जुनीच, दुसऱ्याची वापरलेली. हिंद सायकल. तिचा कारखाना मुंबईत वरळीला होता. १९८० साली सरकारनं कायदा करून तो ताब्यात घेतला, आणि पुढं तो बंद पडला. तर ही काळी, अवजड, कोळशाचं पोतं लादलं तरी कुरकुर न करणारी सायकल घेऊन आण्णा रोज गावातनं इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला जायचे.

गावात एक कायदा होता. कुठं लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. पार आला की आपल्या माणसानं सायकलवरनं उतरायचं. पार ओलांडेपर्यंत सायकल हातानं ढकलत न्यायची. मग पुन्हा टांग मारायची. शंभरेक पावलं असतील. पहाटे पाळीला जाताना शंभर, रात्री दमून येताना शंभर.

१४ एप्रिल १९९२ ला आण्णांनी हँडलला निळा झेंडा बांधला आणि पारावरनं बसून गेले. उतरले नाहीत. परत येताना अडवलं. आण्णांना मारलं ते मारलंच, पण त्यांचा खरा राग सायकलवर होता. दोघांनी ती उचलली आणि पाराच्या दगडी कट्ट्यावर समोरून आपटली. दोनदा. आण्णा पोलिसांत गेले नाहीत. का गेले नाहीत ते तुम्हाला सांगायला नको.

पुढचा चिमटा मोडला. आडवी नळी आणि तिरकी नळी, दोन्ही हँडलच्या बाजूला मुडपल्या. आण्णांनी दुसरा चिमटा टाकला, नळ्या ठोकून जमेल तेवढ्या सरळ केल्या, आणि तीच सायकल आणखी एकोणीस वर्षं चालवली. गाव सोडून आम्ही इचलकरंजीत खोली घेतली तेव्हा ती भिंतीला खिळ्यावर टांगली. तिची चाकं, चेन, सीट हळूहळू विकली गेली. सांगाडा राहिला. मी लहानाचा मोठा त्या सांगाड्याखाली झोपलो.

आता माझं. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. शिक्षण दहावी, पुढचं सगळं वाचनालयातलं आणि मोबाइलवरचं. एकदा रात्रपाळी करून आलो, झोप येईना, पडल्या पडल्या वर बघत होतो. आणि एक गोष्ट पहिल्यांदा दिसली. इतकी वर्षं समोर होती पण दिसली नव्हती. नळ्या मुडपल्यात, पण जिथं नळ्या एकमेकींना भेटतात ते जोड तसेच्या तसे आहेत. एक तडासुद्धा नाही. मार सगळा जोडाच्या मागं नळीनं खाल्ला. जोड सुटला नाही.

हे कसं? या एका प्रश्नानं मला खुळं केलं.

सायकलच्या त्या जोडाला लग म्हणतात. सदऱ्याच्या बाहीत हात घालावा तशी नळी लगमध्ये जाते. मग नळी आणि लग यांच्यामधल्या फटीत वितळलेलं पितळ सोडायचं. फट किती? एका मिलिमीटरचा दहावा हिस्सा, त्याच्या आसपास. लोखंड पंधराशे अंशांच्या आसपास वितळतं. पितळेची कांडी नऊशेच्या आसपासच पातळ होते. म्हणजे लोखंड कुठंच वितळत नाही. नळी नळीच राहते, लग लगच राहतो, आणि मधलं पितळ दोघांना धरून ठेवतं. ते फटीत आपोआप ओढलं जातं. दिव्याच्या वातीत तेल चढतं ना, तसं. उताराची गरज नाही, पितळ चढावरही जातं.

चांगल्या रेसच्या सायकली कित्येक दशकं अशाच होत होत्या. इंग्लंडात रेनॉल्ड्सनं १८९७ साली अशा नळीचं पेटंट घेतलं की जी टोकाला जाड आणि मधे पातळ. टोकाला जाड कशासाठी, तर तिथं जोड येतो, आग लागते, ताण बसतो. मधे उगाच वजन कशाला? १९७२ साली मेक्सिको सिटीत बेल्जियमच्या एडी मर्क्सनं एका तासात ४९.४३१ किलोमीटर सायकल मारून विक्रम केला. ती सायकल इटलीच्या एर्नेस्टो कोलनागोनं बनवलेली, लगची, पोलादी, सगळी मिळून पावणेसहा किलोच्या आसपास. आमच्या आण्णांची सायकल वीस किलोच्या पुढं. पण जोडण्याची विद्या तीच. लग, नळी, पितळ, आग.

मी ठरवलं, आण्णांच्या सायकलचे लग काढायचे आणि त्यांच्यावर नवी फ्रेम उभी करायची. हलकी, जुन्या काळच्या रेसच्या सायकलसारखी.

आण्णांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मोडू नगंस ती. ऱ्हाऊ दे तशीच. काय झालतं ते कुणाला तरी दिसाय नगं व्हय?"

आपण म्हणतो आपल्या बापजाद्यांनी सोसलं आणि गप्प बसले. माझा बाप गप्प बसला नव्हता. त्यानं पुरावा भिंतीला टांगून ठेवला होता. रोज बघत होता. मलाच वाचता येत नव्हतं.

दोन महिने मी विषय काढला नाही. मग एका सुट्टीच्या दिवशी आण्णा स्वतःच स्टुलावर चढले आणि सांगाडा खाली काढला. म्हणाले, "नळ्या काप. पर भंगारात घालू नगंस. कापलेलं तुकडं मला आणून दे."

गॅस वेल्डिंगचं दुकान ओळखीचं नव्हतं. दोघातिघांनी हाकलून लावलं. कुणी म्हणालं, सरळ वेल्डिंग मार की बाबा, लग कशाला? शेवटी एक म्हातारे मिस्त्री भेटले. पूर्वी ब्रेझिंग केलेलं. म्हणाले, "सुट्टीदिवशी ये. सिलिंडरचे पैसे तुझे, शिकवणं फुकट." त्यांच्या हाताखाली मी जुने जोड तापवून लाल केले, पितळ पातळ झालं तशा नळ्या ओढून काढल्या. तीस वर्षांपेक्षा जुनं पितळ. आत चकाकत होतं. एवढा मार खाऊनसुद्धा आत गंज शिरला नव्हता.

मग सीमलेस नळ्या आणल्या, लगच्या भोकात बसतील अशाच मापाच्या. खोलीच्या फरशीवर खडूनं पूर्ण मापाचं चित्र काढलं. कोन मोजायला भाचीच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला. नळीचं तोंड सरळ कापून चालत नाही, ज्या नळीला ती भिडणार तिच्या गोलाईची खाच तोंडाला काढावी लागते. आधी कागदाची खूण गुंडाळायची, मग हॅकसॉ, मग कानस. पाळी सुटल्यावर रोज तासभर कानस. तळहाताला घट्टे पडले. ते नवीन नव्हते, जागा तेवढी नवीन होती.

आता मी मुद्द्याच्या गोष्टीवर येतो.

पहिला जोड लावायचा दिवस. मी नळीचं टोक आणि लगचं आतलं अंग पॉलिशपेपर मारून चांदीसारखं केलं होतं. ते दाखवायला हातात धरून मिस्त्रींकडं गेलो. ते ओरडले, "आरं! साफ केल्यावर हात लावायचा न्हाई! शिवलास की बाटलं!"

माझ्या कानात एकदम गरम तेल पडल्यासारखं झालं. नळी हातात तशीच. शिवलास. बाटलं. हे शब्द मी पुस्तकात वाचलेले. आजी सांगायची तेव्हा ऐकलेले. माझ्या तोंडावर मला कुणी म्हटलेले नव्हते. पहिल्याच दिवशी मिस्त्रींनी माझं गाव विचारलं होतं, आडनाव विचारलं होतं. मी सांगितलं होतं. म्हणजे त्यांना माहीत होतं.

माझं तोंड बघून त्यांच्याही ध्यानात आलं. ते गोरेमोरे झाले. म्हणाले, "तसं न्हवं रं पोरा... थांब, दावतो तुला."

त्यांनी पत्र्याचे दोन तुकडे घेतले, दोन्ही घासून लखलखीत केले. एकाला काही लावलं नाही. दुसऱ्यावर स्वतःचा ग्रीसनं माखलेला अंगठा दाबला. दोन्हीवर टाकणखार टाकला, आग दिली, पितळ सोडलं. पहिल्यावर पितळ पाण्यासारखं पसरलं. दुसऱ्यावर अंगठ्याच्या जागेपाशी येऊन थबकलं, गोळा होऊन बसलं, पुढं जाईना. मिस्त्री म्हणाले, "हा माझा अंगठा हाय. माझ्या बी हातानं बाटतंय. कुणाच्या बी हातानं बाटतंय. त्याल हाय हाताला. पॉलिशपेपर मार, झालं शुद्ध."

दोस्तांनो, मी त्या दोन पत्र्यांकडं किती वेळ बघत उभा होतो कुणास ठाऊक.

लोखंडालाही शिवाशीव असते! पण तिला कारण आहे, ते कारण डोळ्यांनी दिसतं, सगळ्यांच्या हाताला ती सारखीच लागू आहे, आणि एका पॉलिशपेपरनं ती जाते. ज्या शिवाशिवीला कारण दाखवता येत नाही, जी एकाच्याच हाताला लागू होते आणि जन्मभर घासलं तरी जात नाही, ती खोटी. हे मी भाषणांत शंभरदा ऐकलं होतं, टाळ्याही वाजवल्या होत्या. पण हातानं पहिल्यांदा त्या दिवशी कळलं.

आणि तिथंच मला साचेखातं आठवलं. मुंबईच्या कापडगिरण्यांत आपल्या माणसांना सूतकताईच्या खात्यात काम मिळायचं, पण साचेखात्यात, म्हणजे विणकामात, घेत नसत. तिथं मजुरी जास्त. कारण काय सांगत? धोट्यातली कांडी बदलताना धागा धोट्याच्या भोकातनं तोंडानं ओढून घ्यावा लागायचा. आपली थुंकी धोट्याला लागणार, तोच धोटा दुसऱ्यानं तोंडाला लावायचा, म्हणून विटाळ! १९२८-२९ च्या गिरणी संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. संपात आम्ही हवेत, मग साचेखात्यात का नकोत, असा त्याचा रोख होता. आणि १९३६ च्या 'जातिभेद निर्मूलना'त त्यांनी दाखवून दिलं की जातीनं नुसती कामं वाटलेली नाहीत, कामगारच एकमेकांपासून तोडून ठेवलेत.

माझा बाप १९९१ ला धोट्याला तोंड लावत होता. त्याच्या आधीच्या पिढ्यांना ते तोंड लावायला मिळावं म्हणून भांडावं लागलं होतं. आणि त्याच वेळी, त्याच बापाला, गावात सायकलवरनं उतरावं लागत होतं. हा सगळा हिशेब माझ्या हातातल्या त्या एका लगमध्ये होता.

तर पहिला जोड मी बिघडवला. लवकर लवकर म्हणून आग जास्त दिली. टाकणखार जळाला, पितळेतनं जस्ताचा पांढरा धूर निघाला, खोकून जीव गेला. वरनं जोड सुंदर दिसत होता, सोन्याची कड लावल्यासारखा. मी खूश. मिस्त्रींनी काही न बोलता करवत लावली आणि जोड उभा कापला. आत कोरडा! पितळ नुसतं वरच्या कडेला चिकटलेलं. म्हणाले, "ह्यो जोड रंग मारून कुणालाबी विकता यील. पर खड्ड्यात गेलं की माणूस मरंल." मग समजावलं. पितळ आगीच्या मागं जातं. तू ज्योत कांडीवर धरलीस म्हणून पितळ कांडीपाशीच राहिलं. आतली नळी आणि बाहेरचा लग दोन्ही सारखे तापव, मग ज्योत पुढं ने, पितळ तुझ्या मागनं येईल.

आपल्या चळवळीतले कितीतरी जोड मला त्या क्षणी आठवले. वरनं सोन्याची कड, आत कोरडे. नावं घेत नाही. तुम्हाला माहीत आहेत.

दुसरी चूक कोनाची. आण्णांच्या सायकलचे कोन निजलेले. पुढची नळी मागं रेललेली, खुर्चीत बसल्यासारखी. रेसच्या सायकलला त्र्याहत्तर अंशांच्या जवळपास उभा कोन लागतो. मी लग तापवून, ठोकून कोन उभा करायला गेलो. वरच्या लगला तडा जाता जाता राहिला. मिस्त्रींनी हात धरला. घरी येऊन फरशीवरचं चित्र पुसलं आणि लगांना जो कोन होता तोच धरून नवीन काढलं. मग वाचताना कळलं की १९२०-३० च्या काळातल्या रेसच्या सायकलीही अशाच रेललेल्या असत, कारण तेव्हा रस्ते खडीचे होते. आमचे रस्ते अजून तसेच आहेत. मग बिघडलं कुठं? माझी सायकल आण्णांच्या कोनात उभी आहे.

एक एक करून सगळे जोड झाले. बंद नळीला आतनं बारीक भोक ठेवायचं, नाहीतर आतली तापलेली हवा पितळच बाहेर ढकलते, हेही एकदा ठेच लागूनच शिकलो. थंड झालेला टाकणखार काचेसारखा होतो, गरम पाण्यात भिजवून तो काढायचा. हिंदमध्ये मागच्या दोन बारीक नळ्या सीटपाशी नटबोल्टनं आवळल्या होत्या, मी त्या पितळेनं जोडल्या. शेवटी फ्रेम सरळ आहे का बघायचं. त्याला यंत्र लागत नाही. गिरणीतल्या वेस्टचा धागा घेतला, मागच्या एका टोकाला बांधला, पुढच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या टोकाला आणला, आणि मधल्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजलं. अर्ध्या सुताचा फरक निघाला. लाकडात धरून हातानं ओढून सारखा केला. रोज जे सूत कातून दुसऱ्याला देतो, त्याच सुतानं माझी सायकल सरळ केली.

भंगारवाल्याच्या काट्यावर फ्रेम भरली पावणेतीन किलो. चिमटा, चाकं, हँडल कोल्हापुरातनं जुनी आणली. रंग निळा.

२२ मार्चला पहाटे निघालो माणगावला. तिथं १९२० साली, २१ आणि २२ मार्चला, बहिष्कृतांची परिषद भरली होती. बाबासाहेब अध्यक्ष, तेव्हा ते तिशीचेसुद्धा नव्हते, आणि शाहू महाराज स्वतः येऊन गेले होते. निघताना आण्णा म्हणाले, "येताना आपल्या गावावरनं ये."

येताना गेलो. पार तसाच आहे. कट्टा तोच. छातीत धडधडत होतं ते खोटं कशाला सांगू. पायडल मारत राहिलो, उतरलो नाही. आणि काय झालं? काहीच नाही. कट्ट्यावरची पोरं मोबाइलमध्ये मान घालून बसलेली. कुणी वर बघितलंसुद्धा नाही. मला जरा रागच आला. तीस वर्षं वाट बघितली त्याची ही किंमत?

मग एका म्हाताऱ्यानं हाक मारली. "गाडी झ्याक हाय रं. कुठनं घेतलीस?"

"घेतली न्हाई. मी केलीया."

"तू? कुणाचा तू?"

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. त्याचा अर्थ काय असतो तेही ठाऊक आहे. मी एक पाय जमिनीला टेकवला. टेकवला, उतरलो नाही. म्हटलं, "ज्याची सायकल ह्या कट्ट्यावर आपटली हुती, त्येचा. ह्यातलं लग त्याच सायकलचं हाईत."

म्हाताऱ्यानं कट्ट्याकडं बघितलं, मग सायकलकडं. काही बोलला नाही. त्याला आठवत होतं की नव्हतं, तो तेव्हा तिथं होता की नव्हता, मी विचारलं नाही. टांग मारायची गरज नव्हती. पाय उचलला आणि निघालो.

घरी आलो तर मुडपलेल्या नळ्यांचे दोन तुकडे आण्णांनी पुन्हा त्याच खिळ्यावर टांगले होते.

मित्रा, तू विचारलंस, आपल्याला याचा काय उपयोग. १९८३ साली कांशीरामांनी डीएस-फोरची सायकलयात्रा काढली, तेव्हा सायकल हे गरिबाचं वाहन होतं आणि तेच हत्यार झालं. मी त्याच्या पासंगालाही नाही. मी एवढंच म्हणतो : वस्तू आपण चालवतो, दुरुस्त करतो, पुसतो, वाहून नेतो. ती मुळापासनं कशी उभी राहते, हे ज्ञान आपल्यापासनं लांब ठेवलं गेलं. ते पुस्तकातनं घ्यायचं तसंच हातानंही घ्यायचं. पोरं बेकार आहेत म्हणतोस ना? मिस्त्री थकलेत. दुकानात दोन हात कमी आहेत. मी विचारून ठेवलंय.

ज्याला शिकायचंय त्यानं माझ्या सुट्टीच्या दिवशी, बुधवारी, यावं. येताना पॉलिशपेपर आणावा.

जयभीम.